थंड इंजिनाची कहाणी

आमच्या घरी आकाशकंदिलाभोवती गुंडाळायची दिव्यांची एक जुनी माळ आहे. दर वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी ती माळ्यावरून खाली येते, आणि दर वर्षी ती पेटत नाही. माळ पेटत नाही याचा अर्थ तिच्यातला कुठला तरी एक दिवा गेलेला असतो. तो कुठला, हे मात्र माळ सांगत नाही. वीज एका दिव्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी रांगेने चाललेली असल्यामुळे एक गेला की सारेच विझतात. मग मी माळेची पीन काढतो, एक चांगला दिवा तिच्यात एका जागी बसवतो, पुन्हा पीन लावून पाहतो. नाही पेटली तर पीन काढून पुढची जागा. या उद्योगात तास-दीड तास सहज जातो. मुले म्हणतात, "बाबा, नवी माळ शंभर रुपयांत येते." येते खरी. पण ही माळ तपासताना मला एका ट्रकची आठवण होते, आणि ती आठवण मला दर वर्षी हवी असते.

त्या ट्रकच्या पोटात शिरलेल्या थंडीची ही हकीगत आहे. वाचकांनी फराळाचे ताट जवळ ओढून वाचावी. यंत्राचे नाव काढले म्हणून लगेच पान उलटू नये. मी काही इंजिनियर नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे, आणि माझ्यापाशी दहावीचे प्रमाणपत्र तेवढे आहे. त्यामुळे मला जेवढे समजले तेवढेच मी सांगणार, आणि ते कोणालाही समजेल.

माझे आजोळ निफाड तालुक्यातले. नाशिक जिल्ह्याबाहेरच्या माणसाला निफाड ठाऊक असते ते थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली उतरला, ते दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते. त्या दिवसांत द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. अशा गावी माझ्या मामांपाशी एक ट्रक होता. नवा नव्हे, दोन मालकांच्या हातून गेलेला, लांब नाकाचा, आणि नाकावर तीन पात्यांची चांदणी मिरवणारा. गावात त्याला कोणी ट्रक म्हणत नसत, 'मर्सिडीज' म्हणत. आज शहरात त्या नावाच्या मोटारीत बसणाऱ्यांना हे ऐकून मौज वाटेल.

१९८७ सालचा जानेवारी महिना. रांगड्या कांद्याचे दिवस. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. काढला की विकावा लागतो. गावातल्या चार घरांचा कांदा गोण्यांत भरून मामांच्या गाडीवर चढला होता, आणि पहाटे चारला गाडी मुंबईस निघायची होती. चार वाजले. मामांनी देवाचे नाव घेऊन सेल्फ मारला. इंजिन घर्र घर्र करीत फिरले, पण पेटले नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. रिकामी गाडी असती तर दहा माणसांनी ढकलून चालू केली असती. भरलेली गाडी कोण ढकलणार? मामा एरवी गाडी उताराला लावीत, म्हणजे सकाळी नुसती सोडली की आपल्याच वजनाने चालू होई. त्या रात्री मात्र कांदा चढवायला सोयीचे म्हणून ती खळ्यात सपाटीवर लावली होती.

सातव्या-आठव्या खेपेस बॅटरीचा आवाज बसत चालला. तेव्हा गाडीवरच्या क्लीनरने, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने, एका काठीला चिंध्या गुंडाळल्या, त्या डिझेलमध्ये बुडवून पेटवल्या, आणि इंजिन जिथून हवा ओढते त्या तोंडाशी तो बोळा धरला. ही युक्ती त्याने रस्त्यावर कोणाची तरी पाहिलेली होती. इंजिन एकदा खोकले, आणि आत ओढले जाण्याऐवजी जाळ भस्सदिशी बाहेर आला. पोराचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आजीने त्याला ओढत रांजणापाशी नेऊन हातावर पाणी ओतायला सुरुवात केली. मी सात वर्षांचा होतो. दाराच्या आडून पाहत होतो. तो रडला नाही. नुसता थरथरत होता.

पुढचे सांगण्याआधी मला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जायला हवे. कारण ज्या अडचणीपायी त्या पोराचा हात भाजला, ती इंजिनाबरोबरच जन्माला आलेली आहे, आणि तिचे मूळ जर्मनीत आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. प्लगमध्ये वीज चमकते, तीवर पेट्रोलची वाफ पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही, काडी नाही, वात नाही. मग तेल पेटते कशाने? वर्गात मुलांना मी सायकलचा पंप देतो आणि तोंड बोटाने दाबून पाच-पंचवीस वेळा मारायला सांगतो. पंपाचे टोक हाताला चटका देऊ लागते. हवा दाबली की तापते, एवढेच यातले मर्म. ती सोळा-अठरा पटीने दाबली, आणि झटक्यात दाबली, तर सहाशे अंशांच्या आसपास तापते. डिझेल तेल त्याच्या निम्म्याहून कमी उष्णतेत पेट घेते. अशा तापलेल्या हवेत तेलाची चिळकांडी सोडली की भडका व्हायलाच हवा. आपल्याकडे यज्ञातला अग्नी अरणी घुसळून काढीत. मलाया आणि आसपासच्या बेटांवरचे लोक याच दाबाच्या तत्त्वाने आग काढीत असत. बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या जोरात ठोकायचा, की दट्ट्याच्या टोकाला लावलेला कापूस पेटून निघे. असली एक नळी विद्यार्थिदशेत पाहूनच पुढच्या शोधाची कल्पना सुचली असे सांगतात. ते असो वा नसो, शोध लावणाऱ्याचे नाव मात्र इतके घरोघर झाले की तो माणूस होता हेच लोक विसरले.

रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईबाप जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटल्यावर या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले, आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी आउग्सबुर्ग गावी नातलगांकडे झाली. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल लिंडे त्याचे गुरू झाले. लिंडे म्हणजे बर्फ बनवण्याच्या यंत्रांचे मोठे जाणकार. शिक्षण संपल्यावर डिझेलने लिंड्यांच्याच बर्फयंत्रांच्या धंद्यात पॅरिसला नोकरी धरली. ज्या इंजिनाला पुढे थंडीने जन्मभर छळले, त्याचा जनक बर्फाच्या कारखान्यात नोकरी करीत होता!

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, आणि आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यात इंजिन उभे राहिले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंजिन कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवीत होते. आत इंधन सोडताच असा स्फोट झाला की दाब मोजण्याच्या उपकरणाच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभा असलेला डिझेल थोडक्यात बचावला. दुसरा कोणी घाबरला असता. हा आनंदला, कारण दाबाने आग पेटते हे तर सिद्ध झाले! पुढल्या वर्षी, १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, इंजिन जेमतेम एक मिनिट आपल्या बळावर चालले. पट्ट्याने इंजिन ओढायचे, ते इंजिनच पट्ट्याला ओढू लागले. डिझेलच्या ते ध्यानात यायच्या आधी तिथल्या मिस्त्रीच्या ध्यानात आले, आणि त्याने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली, अशी कथा आहे. मला या साऱ्या इतिहासात हा टोपी काढणारा मिस्त्री सर्वांत जवळचा वाटतो.

१८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. जाळलेल्या इंधनातल्या उष्णतेपैकी शंभरातले सव्वीस भाग कामी येतात असे आढळले. त्या काळच्या वाफेच्या चांगल्या इंजिनालाही दहा-बारा भागांच्या पुढे जाणे कठीण होते. डिझेल एका दिवसात जगप्रसिद्ध झाला, श्रीमंत झाला, आणि पुढे पैशाच्या व्यवहारात बुडालाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर तो जेवून आपल्या खोलीकडे गेला, आणि सकाळी खोलीत नव्हता. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडले. खिशातल्या वस्तूंवरून मुलाने ओळख पटवली. त्याच्या मृत्यूविषयी तर्क पुष्कळ झाले. मी कादंबरीकार असूनही त्यांत भर घालीत नाही.

त्याच्या हयातीत त्याचे इंजिन काही रस्त्यावरच्या गाड्यांत रुळले नाही. ते अवजड होते. तेल आत फवारायला दाबलेल्या हवेचा मोठा सरंजाम लागे, आणि इंजिन सुरू करायलाही पोलादी बाटल्यांत भरलेली दाबाची हवा सोडून पहिला फेरा द्यावा लागे. कारखान्यात आणि बोटीवर हे चालते. बैलगाडीच्या रस्त्यावर कुठले चालायला?

इकडे इंग्लंडात हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट नावाच्या गृहस्थाने डिझेलच्याही आधी, १८९० मध्ये, वेगळ्या वाटेने जाणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्याने हवा फारशी दाबलीच नाही. सिलिंडरच्या टोकाला त्याने लोखंडाचा एक गोळा ठेवला, पोकळ. तो बाहेरून ब्लो-लॅम्पने लालसर तापवायचा. आत तेल पडले की त्या तापल्या लोखंडावर पेटायचे. एकदा इंजिन चालू झाले की पेटणाऱ्या तेलानेच गोळा तापलेला राहायचा आणि दिवा विझवायचा. ग्रँथम गावच्या हॉर्न्सबी कंपनीने ही इंजिने पुष्कळ विकली. या जातीचा सर्वांत गमतीदार नमुना म्हणजे जर्मनीतल्या मानहाइम गावचा 'लान्झ बुलडॉग' ट्रॅक्टर, १९२१ चा. त्याच्या नाकाखाली दिवा लावून शेतकरी काही मिनिटे वाट पाहत बसे. मग ट्रॅक्टरचे स्टिअरिंग चाक दांड्यासकट उपसून काढी, ते बाजूच्या जड चाकात खुपसून हिसका देई, आणि इंजिन धडधडू लागले की पुन्हा चाक जागेवर बसवून शेतावर निघे. तेवढ्यात ट्रॅक्टर चालू लागला तर काय करीत, कोण जाणे!

त्याच मानहाइमात बेन्झच्या कारखान्यात प्रॉस्पर लॉरांज नावाचा इंजिनियर होता. आपल्या गोष्टीतला महत्त्वाचा पुरुष तोच, पण त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. १९०९ साली त्याने सिलिंडरला एक ओसरी जोडली. म्हणजे असे, की तेल एकदम माजघरात न सोडता आधी वरच्या लहानशा कोठडीत सोडायचे. तिथे थोडे पेटते, आणि त्या पेटण्याच्या रेट्याने उरलेले तेल अरुंद दारातून मुख्य सिलिंडरमध्ये फेकले जाऊन तिथे नीट जळते. हवेचा तो अवजड सरंजाम नको झाला. इंजिन हलके झाले, त्याचा धक्का सौम्य झाला, आणि १९२३ मध्ये बेन्झने पाच टनी ट्रकवर असले इंजिन चढवून रस्त्यावर आणले. १९२७ पासून बॉश कंपनीचे तेल मोजून सोडणारे पंप मोठ्या संख्येने बाजारात येऊ लागले, आणि डिझेलच्या ट्रकाला मग अडवणारे काही उरले नाही.

उरली ती एकच गोष्ट, पहाटेची थंडी. लॉरांजची ओसरी गरम असताना गुणाची, गार असताना वैरीण. लहान कोठडी, तिला भिंती फार. दाबून तापवलेली हवा त्या गार भिंतींना टेकते आणि आपली ऊब त्यांना देऊन बसते. त्यात थंडीने वंगण घट्ट झालेले, बॅटरी मलूल. इंजिन हळूहळू फिरते, आणि हळू फिरले की दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटायला वेळ मिळतो. विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारलेल्या वाचकांना हे सांगायला नको. आधी खटका उचलून हवा मोकळी सोडायची, जड चाकाला चांगली गती येऊ द्यायची, आणि मग खटका पाडायचा. जो कच्च्या गतीवर खटका पाडतो त्याचे इंजिन हुंकार देऊन गप्प बसते. पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ मध्ये स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रातल्या किती दंडांनी हा व्यायाम केला असेल!

तर त्या गार ओसरीत इंजिन सुरू होण्यापुरती थोडी ऊब कशी पोचवायची? माणसाने काय काय करून पाहिले ते ऐकण्यासारखे आहे. सोऱ्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची सुरळी पेटवायची, ती धुमसत असताना एका खुंटीच्या टोकाला खोचून खुंटी सिलिंडरच्या डोक्यात पिळून बसवायची, म्हणजे आपल्या फटाक्याच्या वातीसारखीच वात. इंग्लंडातल्या 'फील्ड मार्शल' ट्रॅक्टरला ही वात लावून वर बंदुकीसारखे एक रिकामे काडतूस उडवीत. त्याच्या दणक्याने इंजिनाचा पहिला फेरा होई. हा ट्रॅक्टर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, फार जुना नव्हे. शेवटी सर्वांत सुटसुटीत ठरली ती तार. ओसरीत जाड तारेचे एक वेटोळे सोडायचे आणि बॅटरीची वीज देऊन ते इस्तरीसारखे लाल करायचे. यालाच इंग्रजीत ग्लो प्लग आणि आपल्या गॅरेजांत हीटर प्लग म्हणतात. ही ठिणगी नव्हे. इंजिन चालू झाले की हिचे काम संपले. मग दिवसभर आग आगीला पेटवीत राहते.

हे सगळे आपल्याकडे आले ते १९५४ मध्ये. रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी १९४५ मध्ये निघालेल्या टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरातून चांदणीवाले ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी 'टी' अक्षर आले. मामांची गाडी त्या आधीची. तिच्या इंजिनात सहा सिलिंडर, सहा ओसऱ्या आणि सहा हीटर प्लग. ते प्लग त्या काळच्या पद्धतीने रांगेत जोडलेले होते, माझ्या माळेतल्या दिव्यांसारखे. वीज सहांतून फिरून येई, आणि त्याच रांगेत सातवे एक वेटोळे ड्रायव्हरच्या पुढ्यात जाळीच्या टोपणाखाली बसवलेले असे. ड्रायव्हर मंडळी त्याला 'डोळा' म्हणत. खटका अर्धा ओढायचा, डोळा लाल होईपर्यंत अर्धे-पाऊण मिनिट थांबायचे, मग पूर्ण ओढायचा की सेल्फ लागतो. डोळा लाल झाला म्हणजे आत सहाही ओसऱ्यांत विस्तव तयार आहे, अशी ती ग्वाही.

आता त्या पहाटेकडे वळतो.

गावात एस.टी.तून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहत. पोराचा हात भाजल्यावर कोणी तरी त्यांना उठवून आणले. ते घोंगडी पांघरून आले, आणि बॉनेटला हातही न लावता आधी मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभे राहिले.

"भाऊ, एकदाच मारा. एकदाच," ते म्हणाले.

मामांनी मारला. मागून पांढरा धूर आला, डोळ्यांना झोंबणारा.

"तेल येतंय," मिस्त्री म्हणाले. "पेटत नाही म्हणून कच्चंच बाहेर पडतंय. धूरच नसता तर म्हटलं असतं, लाइनीत एअर धरली. डोळा लाल होतोय का?"

मामा ओशाळले. डोळा दहा-बारा दिवसांपासून लाल होत नव्हता. गाडी उतारावर सुटून चालू होत असल्यामुळे त्याची गरज पडली नव्हती; डोळाच बिघडला असेल असे म्हणून त्यांनी तिकडे पाहणे सोडले होते.

मिस्त्रींनी यावर काही बोलून दाखवले नाही. त्यांनी बॉनेट उघडायला लावले, मामांना खटका अर्धा ओढून धरायला सांगितले, आणि माझ्या हाती कंदील देऊन जवळ उभे केले. मग एका जाड स्क्रू-ड्रायव्हरने पहिल्या प्लगच्या दोन टोकांवर पूल घातला. "डोळा?" "नाही." दुसऱ्यावर. "डोळा?" "नाही." तिसऱ्यावरही नाही. चौथ्यावर पात टेकवली मात्र, आणि मामा आतून ओरडले, "आला! लाल आला!"

ज्या प्लगची तार आत तुटली होती त्याला वगळून विजेला वाट मिळाली होती, आणि राहिलेले पाच पेटले होते. "एकच गेला असला तर असा सापडतो," मिस्त्री मला सांगू लागले, जणू मी त्यांचा चेला. "दोन गेले असले तर प्रत्येक सोडवून दिव्यावर बघावा लागतो. आणि डोळा नेहमीपेक्षा लवकर, पांढरट पेटला, तर समज की कुठं तरी वीज अंगाला लागतीय, पुढच्या प्लगांना पोचतच नाही. डोळा नुसता तांबूस मळकट झाला तर बॅटरी नाही तर गंजलेली जोडणी." मी यातले त्या वेळी काही समजलो नव्हतो, तरी शब्द जसेच्या तसे राहिले आहेत. लहानपणी पाठ केलेल्या गोष्टींचे असेच असते. अर्थ मागाहून येतो.

त्यांनी चौथ्या प्लगवर तांब्याच्या तारेचा तुकडा पक्का आवळला. बॅटरी मात्र दमली होती. तेव्हा ते म्हणाले, "बंब पेटवा." आजीने न्हाणीघरातला तांब्याचा बंब चुलीतल्या निखाऱ्यांनी पेटवला. रेडिएटरमधले गार पाणी सोडून दिले. पहिल्यांदा कोमट, मग ऊन, अशा बेताने बादल्या आत ओतल्या. एकदम कढत ओतले तर लोखंड तडकते. बंब दोनदा भरला. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावरून आली. डोळा लाल झाला. मिस्त्रींनी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि हात खाली केला. इंजिन आधी लंगडत, खाडखाड करीत, पांढरा लोट सोडीत पेटले. मिनिटाभरात सहावा सिलिंडरही ऊब लागून बाकीच्यांत मिसळला आणि आवाज एकसारखा झाला. नऊ वाजता गाडी निघाली. क्लीनर जागेवर नव्हता. त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेले होते.

निफाडची थंडी ती काय, असे लडाखात गाडी हाकलेला माणूस म्हणेल, आणि खरेच आहे. तिथे प्लग ठणठणीत असूनही उपयोग होत नाही, कारण डिझेल तेलच गोठते. त्यातले मेण वेगळे होऊन जाळीत अडकते आणि तेल पंपापर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर टाकीखाली जाळ करतात. डिझेल पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही, एवढ्याच भरवशावर हे धाडस चालत आले. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑईलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. रुडॉल्फ डिझेलच्या पहिल्या चाचणीला तेव्हा सव्वाशे वर्षे होऊन गेली होती.

इंजिनेही बदलली. मोठ्या ट्रकांतून ओसरी गेली. तेल थेट सिलिंडरमध्ये, फार मोठ्या दाबाने जाऊ लागले, आणि आपल्याकडच्या हवेत बहुतेकांना हीटरची गरज उरली नाही. जिथे प्लग राहिले तिथे ते रांगेतून सुटून स्वतंत्र झाले. पेन्सिलीच्या टोकासारखे दिसतात, दोन-चार सेकंदांत तापतात. एक गेला तरी बाकीचे काम करतात. सोय झाली हे मान्य. पण एक गेल्याचे इंजिन लवकर सांगत नाही, नुसते सकाळी थोडे लंगडते, थोडा पांढरा धूर सोडते, आणि मालक म्हणतो, थंडी आहे.

त्या क्लीनरचा हात दोन महिन्यांत बरा झाला. कातडी मात्र कोपरापर्यंत आवळल्यासारखी राहिली. मामांनी दवाखान्याचा खर्च केला आणि त्याला गाडीवरून उतरवून मिस्त्रींच्या हाताखाली घातले. ते जाईपर्यंत तो त्यांच्यापाशी होता. आता महामार्गावर त्याचे स्वतःचे लहानसे गॅरेज आहे. जुन्या गाड्या घेऊन लोक त्याच्याकडे लांबून येतात. तो आधी सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहतो.

चार वर्षांपूर्वी वसुबारसेला माझी माळ पेटेना, तेव्हा मला मिस्त्रींची युक्ती आठवली. मी तारेचा तुकडा घेतला, आणि कोण जाणे का, आधी त्याला फोन केला. माझे बोलणे त्याने पुरते ऐकूनही घेतले नाही.

"मास्तर, तार खाली ठेवा," तो म्हणाला. "ती बॅटरी होती, ही घरातली वीज आहे. आधी पीन काढा. मग एकेक दिवा बदलून बघा, वेळ लागला तर लागू दे."